दुकान उघडायच्या आधी लॅटिन

पादोवा, २३ नोव्हेंबर

गिल्दो,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे पत्र. मी तोंड उघडलं रे उघडलं की तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं. आता तर तुझं आइस्क्रीमचं दुकान हिवाळ्यापुरतं बंद आहे, काचांना आतून कागद लावलेत, आपल्या दरीतली सगळी आइस्क्रीमवाली मंडळी जर्मनीतून घरी परतली आहेत, तरी तुझ्याकडे गिऱ्हाईक येतंच. पत्र तू मध्येच खाली ठेवशील, पण पुन्हा उचललंस की मी तिथेच असेन.

तिसरीपर्यंतची माझी शाळा, तेव्हा अक्षर लावून घे.

तू यंदाच्या हिवाळ्याला घरी आला नाहीस. बरं, नाही आलास. बंद दुकानात एकटा बसून काय खातोस ते विचारत नाही. खांदा दुखत असेल, तेही विचारत नाही. मीही घरी नाहीच म्हणा. वर गावातल्या घराला कुलूप घालून मी तुझ्या लेकीबरोबर खाली शहरात राहायला आले ते तुला आवडलं नाही, ठाऊक आहे मला. पण पिएरिनाची ही दोन खोल्यांची जागा ती गेल्यापासून रिकामीच होती, आणि मला बहिणीच्या चुलीवर शिजवायला आवडतं. इथे लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये एक म्हातारा भेटतो, त्याचा कुत्रा माझ्या पिशवीत तोंड घालतो. जाऊ दे.

उन्हाळ्यात तुम्ही बापलेकींनी भांडून जे ठरवलंत ते मला पाठ आहे. मार्चमध्ये दुकान उघडायच्या आत सबिना लॅटिनची परीक्षा पास झाली तर तिनं पुढे शिकावं. नाही झाली तर ॲप्रन बांधून तुझ्या काउंटरमागे उभं राहावं. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेला नाहीत. मला मधे ठेवलंत, पोस्टाच्या पेटीसारखं.

तर ऐक पेटीचं. रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी तिघं बसतात. आपली सबिना. कियोज्जाचा तोबिया, त्याच्या बापाची मासेमारीची होडी आहे आणि हा बोटींच्या शाळेत शिकलेला. तिसरी फ्रांका, मोजमापाच्या शाळेतली, तिच्या वडिलांना वाटलं होतं पोरगी जमिनी मोजेल. तिघांनी शाळेत लॅटिनचं तोंड पाहिलेलं नाही. सबिनाला तर तूच हॉटेलच्या शाळेत घातलंस, तिथे ती ट्रे धरायला शिकली. आता तिला इतिहास हवा आहे, आणि इथे म्हणतात लॅटिनशिवाय त्याचं दार उघडत नाही. म्हणून हे तिघं अगदी पहिल्या अक्षरापासून शिकणाऱ्यांच्या वर्गात. बाकीची पोरं शाळेत पाच-पाच वर्षं लॅटिन घोकून आलेली. ती च्युइंगगम चघळत उत्तरं देतात म्हणे.

माझं स्वयंपाकघर आता ओळखू येणार नाही तुला. मिठाच्या डब्यावर चिठ्ठी, दारावर चिठ्ठी, पाण्याच्या नळावर चिठ्ठी, सगळ्यांची लॅटिन नावं. शेपटीसकट पाठ करायची म्हणे, कारण शब्दाची शेपटी बदलली की त्याचं काम बदलतं. वाक्यात घरधनी कुठेही बसलेला असतो, कधी कोपऱ्यात तर कधी दाराआड, आणि तो काय करतो ते सगळ्यात शेवटी कळतं. तोबिया काय म्हणाला सांगू? "आजी, हे जाळं ओढल्यासारखं आहे. शेवटचा दोर हातात येईस्तोवर मासा आहे की चप्पल ते कळत नाही." फ्रांका मान वर न करता म्हणाली, "तुझ्या जाळ्यात आजवर चप्पलच निघालीय."

मी हसता हसता मक्याच्या पिठाची पोलेंटा ढवळायची विसरले आणि ती खाली लागली. तरी तिघांनी खरवडून खाल्ली.

आणि एक गंमत. मी शेंगा सोलताना देवमातेच्या माळेची प्रार्थना पुटपुटत होते, आपल्या लहानपणची, लॅटिनमधली. सबिनानं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "आजी, परत म्हण." मी म्हटली. तिनं एकेक शब्द उलगडून सांगितला. गिल्दो, मी साठ वर्षं रोज माझ्या मरणाच्या घटकेविषयी काहीतरी मागत आलेय आणि मला पत्ता नव्हता. मला वाटायचं, ते सगळं आभाळातल्या बाईचं कौतुक आहे. ते कळल्यावर मी दोन दिवस शेंगा गप्प बसून सोलल्या. मग पुन्हा सुरू केलं. आता कळून मागते.

सप्टेंबरची परीक्षा पुढे ढकलली आहे, फेब्रुवारीत होईल. सबिनानं तुला नमस्कार सांगितलाय.

तुझी आई
ओलिवा

पादोवा, १९ डिसेंबर

गिल्दो,

तुझं पार्सल पोचलं. मी एकटीच घरी होते म्हणून उघडलं. सुकामेवा घातलेला केक छान आहे. त्याच्याखाली पांढरं ॲप्रन होतं, खिशावर निळ्या दोऱ्यानं "सबिना" भरलेलं.

मी ते कपाटात चादरींखाली ठेवलं. का ते मलाच कळलं नाही. नाव कुणाकडून भरून घेतलंस? टाके फार बारीक आहेत. मला वाटतं तूच भरलंस. लुईसा, पोरीची आई, आजारी होती तेव्हा तू तिच्या उशाशी बसून बटणं लावायचास, सुई धरायची तुझी तऱ्हा मी विसरलेले नाही. माणूस धमकी द्यायला एवढे बारीक टाके घालत नाही. पण सबिनाला ते कळायचं नाही. तिला फक्त खिसा दिसेल आणि नाव दिसेल.

आणि दिसलंच. चादर काढायला गेली ती. ॲप्रन हातात धरून उभी राहिली, मग घडी घालून तिथेच ठेवलं, टेबलाशी येऊन बसली आणि सेनापती, नदी, छावणी, पूल असं काहीबाही सुरू केलं. मोठा आवाज काढून वाचत होती. फ्रांकानं विचारलं, आज काय झालंय हिला? मी म्हटलं, थंडी.

आता तू कालच्या फोनवर जे बोललास त्याविषयी. रोझाल्बानं तुला सांगितलं की सप्टेंबरची परीक्षा ढकललीबिकलली नव्हती, सबिना बसली होती आणि नापास झाली. गावातल्या आपल्या बेप्पीची बायको अर्ध्या जर्मनीला फोन करते, तिच्यापासून काही लपत नाही. हो, नापास झाली. मी ढकलली असं लिहिलं. "आई, तू मला खोटं लिहिलंस," एवढंच बोलून तू फोन ठेवलास. तू ओरडला असतास तर मला बरं वाटलं असतं.

मग हेही सांगून टाकते. नमस्कार तिनं सांगितला नव्हता, मीच घातला.

पण तिला तेव्हा अवघे तीन महिने झाले होते शिकायला. दुकानात नवा पोरगा आला की तू त्याला पहिल्या उन्हाळ्यात पिस्त्याच्या मशिनला हात लावू देतोस का? नाही देत. फक्त कप पुसायला लावतोस. मग?

नाताळला ये, असं मी म्हणणार नव्हते. तरी म्हणते. गाडी पादोव्याला थांबते.

आई

पादोवा, ३० जानेवारी

गिल्दो,

नाताळ झाला. तू आला नाहीस. टेबलाशी आम्ही दोघी आणि तोबिया. त्यानं आईनं दिलेली बाम मासळी आणली होती, डब्यात जिवंत, मी किंकाळी फोडली तेव्हा लिफ्टमधला म्हातारा कुत्र्यासकट धावत आला. मग तोही जेवून गेला.

तोबिया आता येत नाही. सांगते.

परीक्षेचे दोन भाग असतात. आधी लेखी, ती पास झाली तरच तोंडी. लेखी गेल्या आठवड्यात झाली. तिघंही गेले, हातात ते विटेएवढे शब्दकोश. मी तिघांना शुभेच्छा दिल्या नाहीत, इथे तसं करत नाहीत, तोंडावर शुभ बोललं की पोरं कानाला हात लावतात. मी फक्त म्हटलं, लांडग्याच्या तोंडात जा. तिघं म्हणाले, मरू दे लांडगा. आणि गेले.

तोबिया मधूनच उठून बाहेर आला. कोरा कागद देऊन आला. सबिना सांगत होती, त्यानं पहिल्या ओळीतला प्रत्येक शब्द कोशात पाहिला, प्रत्येकाचा अर्थ कच्च्या कागदावर लिहिला, आणि सगळे अर्थ शेजारी शेजारी बसून राहिले, एकही दुसऱ्याशी बोलेना. संध्याकाळी तो माझ्याकडे कोश परत द्यायला आला, तो फ्रांकाकडचा दुसरा होता. आत ये म्हटलं तर दारातच उभा. म्हणाला, "आजी, होडीवर मला कुणी विचारत नाही की हा मासा वाक्यात काय काम करतो." हसायचा प्रयत्न केला त्यानं. मी त्याला पोलेंटा बांधून दिली. त्यानं ती धरली आणि त्याचा चेहरा असा झाला की मी पटकन दार लावून घेतलं, म्हणजे त्याला निवांत रडता येईल.

फ्रांका लेखी नापास. ती म्हणते जूनमध्ये परत बसणार. तिचे वडील तिला काही म्हणाले नाहीत म्हणे. सगळ्यांचे वडील सारखे नसतात, मी फक्त सांगतेय.

सबिना लेखी पास झाली. जेमतेम, पण झाली. मी नाचले. ती नाचली नाही. तोंडी राहिलीय. आता जेवत नाही नीट. कंगव्यात केस येतात, मी ते उचलून टाकते म्हणजे तिला दिसू नयेत. काल माझ्याशी भांडली, मी तिची मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी फाडली म्हणून. मी फाडली नव्हती, ती वाफेनं गळून पडली होती. चिठ्ठीवरून एवढं ओरडते, आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते, आजी, मी तिथे गेले तर परत येणार नाही, मला माहीत आहे. एक उन्हाळा, मग दुसरा, मग पप्पांचा खांदा, मग दुकान माझं. बोलताना तिचा आवाज तुझ्यासारखा लागला. तू पंधराचा असताना, तुझे बाबा तुला वर जर्मनीला घेऊन निघाले तेव्हाचा.

मी आपल्या संताच्या देवळात गेले होते. तिथे त्याची जीभ काचेत जपून ठेवलीय ना, मी तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, बाबा, तुझी जीभ ही भाषा बोलायची, एक दिवस पोरीला उसनी दे. मागे रांग होती, एका बाईनं मला ढकललं.

आणि आज तुझा फोन. एक मार्चच्या गाडीचं तिकीट काढलंस. तिच्या नावाचं. तोंडी परीक्षा अजून व्हायचीय आणि तू तिकीट काढलंस.

मी तिला सांगितलेलं नाही.

आई

पादोवा, १७ फेब्रुवारी

गिल्दो,

उद्या तोंडी.

तू एका प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीस. पास झाली तर तू शब्द पाळशील ना? सौदा तुझा आहे, मी तो नुसता लिहून घेतला. तू गप्प राहतोस तेव्हा मला भीती वाटते, कारण तुझे बाबाही असेच गप्प राहायचे आणि मग करायचे ते करायचे.

तुला तिची किती गरज आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. लुईसा गेल्यापासून तू दुकानाच्या वर एकटा राहतोस, खाली येतोस, वर जातोस. तुझी पोर माझ्या घरात वाढली, तू तिला वर्षाकाठी हिवाळ्यात दोन महिने पाहिलंस, आता ती मोठी झाली आणि तुला वाटतं ती तुझ्या वाट्याला आलीच नाही. ते खरं आहे. पण उद्या ती त्या खुर्चीत बसेल तेव्हा तिच्या पाठीवर तुझं तिकीट असेल. तिला कळलंय. रोझाल्बानं सांगितलं.

मी तिच्याबरोबर जाणार आहे. इथे तोंडी परीक्षा दार उघडं ठेवून घेतात, कुणीही मागे बसून ऐकावं, चर्चमध्ये बसतात तसं. मी निळा कोट घालीन.

आई

पादोवा, १९ फेब्रुवारी

गिल्दो,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्ये थांबू नकोस. रोझाल्बाचा काल रात्रीच मला फोन आला आणि मी तिला म्हणून गेले की सबिना गुण न घेता बाहेर आली. ती तुला सांगेल की नापास झाली. नापास नाही झाली. नीट सांगते.

मोठी खोली, लांब बाकं. पुढे टेबल, टेबलामागे मारंगोनबाई. बारीक, पांढऱ्या केसांच्या, आवाज इतका हळू की सगळे पुढे वाकून ऐकतात. मी तिसऱ्या बाकावर. माझ्यापुढे एक पोरगा, पाच वर्षं शिकून आलेल्यांपैकी. त्याचं आटोपलं होतं, तो गंमत पाहायला थांबला होता.

सबिनाला बाईंनी पुस्तक दिलं, बोट ठेवलं. इथून वाचा. तिनं वाचलं. मग अर्थ सांगायचा, आणि ती गप्प झाली. गिल्दो, ती अशी गप्प झाली की मला खिडकीबाहेरच्या सायकली ऐकू यायला लागल्या. पुढच्या पोरानं शेजारच्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघं खांदे हलवून हसले. मी छत्रीच्या टोकानं त्याच्या बाकाला टोचलं. तो वळला. मी आकाशाकडे बघितलं.

बाईंनी घाई केली नाही, मदत केली नाही. हातावर हात ठेवून बसून राहिल्या. आणि मग सबिनानं तेच पुन्हा वाचलं, सावकाश, आणि मला तिच्या मानेवरून कळलं. आपण काळोखात हात फिरवतो आणि दिव्याचं बटण सापडतं तेव्हा मान कशी सैल पडते, तशी. मग ती सांगत गेली. एक सेनापती नदीकाठी अडकलाय, माणसं थकलीत, पलीकडे जायचं की नाही त्याचं ठरत नाहीये. ती थांबली, चुकली, स्वतःच म्हणाली थांबा, असं नाही, आणि नीट केलं. बाईंनी व्याकरणाचं विचारलं, त्यातलं अर्धं आलं, अर्धं नाही. मग सबिनानं स्वतःहून एक प्रश्न विचारला. परीक्षा देणारी पोर परीक्षा घेणाऱ्या बाईला विचारते, की हा माणूस स्वतःचीच हकीकत लिहितोय तर स्वतःला "तो" का म्हणतो? बाई पहिल्यांदा हसल्या. त्या दोघी बोलतच बसल्या थोडा वेळ, मागे पोरं तिष्ठत होती.

आता इथली एक रीत तुला ठाऊक नसेल. गुण तीसपैकी. अठरा म्हणजे पास. पण बाई गुण सांगतात आणि विचारतात, घेणार का? विद्यार्थी नको म्हणू शकतो. नको म्हटलं की परीक्षा झालीच नाही असं धरतात, पुन्हा यायचं. हुशार पोरं कमी गुणांना नको म्हणतात, त्यांच्याकडे वेळ असतो.

"बावीस," मारंगोनबाई म्हणाल्या. पेन हातात घेतलं होतं. "घेणार? खरं सांगायचं तर जूनमध्ये आलीस तर मला वेगळाच आकडा लिहावा लागेल असं वाटतं. पण हे तुझं तू ठरव."

बावीस, गिल्दो. सौदा जिंकलेला. मला वाटलं आता हो म्हणेल. मी कोटाचं बटण इतकं पिळलं की ते हातात आलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, घे गं बाई, घे. पण मागच्यांनी बोलायचं नसतं.

"नको बाई," सबिना म्हणाली. "मी जूनमध्ये येईन."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काही शब्द मला लिहिता येत नाहीत आणि काही लिहू नयेत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, बावीस घेतले असते तर ते पप्पांना दाखवायला घेतले असते. दाखवले असते, पुस्तक मिटलं असतं, झालं. मला ते मिटायचं नाहीये. मला आत्ता, त्या खुर्चीत, पहिल्यांदा ते बोलताना ऐकू आलं."

मी विचारलं, आणि तिकिटाचं काय?

"जाणार. ठरलंय ते ठरलंय, मार्चच्या आत पास झाले नाही. पप्पांना वाटतं मी त्यांच्यापासून पळतेय. मी पळत नाहीये. काउंटरमागे उभी राहीन, कोन भरीन, दुपारी पुस्तक वाचीन. पण जूनमध्ये परीक्षेला मला सोडा, असं मी त्यांच्या तोंडावर सांगणार. तुझ्या पत्रातून नाही, आजी. मी."

पोरगी परवापर्यंत माझ्या मांडीवर रडत होती, परत येणार नाही म्हणून.

आम्ही दोघी कॉफी प्यायला गेलो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला हसू आवरेना. वेटरला वाटलं असेल म्हातारीला लॉटरी लागलीय. तुझी लेक आहे ती, दुसरी कुणाची असेल? हातातलं पक्कं सोडून न दिसणाऱ्याच्या मागे जायचं, हे तू नाही केलंस? तुझ्या बाबांचं चांगलं चालतं दुकान सोडून तू त्या परक्या गावात नवं मांडलंस, तेव्हा सगळी दरी तुला खुळा म्हणाली होती. मी नव्हते म्हणाले.

म्हणून तिची वाट मी अडवणार नाही. एक तारखेला ती गाडीत बसेल. तिला नीट वागव. तिला कप पुसायला लाव, पिस्त्याच्या मशिनला हात लावू दे, दोन्ही कर. ती दुपारी वाचत बसली तर तिच्या पुढ्यातलं पुस्तक उचलून बघ. त्यातलं काही कळणार नाही तुला, मलाही कळत नाही, पण बघ.

आणि जून. तू म्हणशील, जूनमध्ये एक माणूसही सोडता येत नाही, रविवारी रस्त्यापर्यंत रांग असते. ठाऊक आहे. म्हणून मी येतेय. तिची परीक्षा होऊन ती परतेपर्यंत तिच्या जागी मी उभी राहीन. जर्मन मला येत नाही, पण गिऱ्हाईक बोट दाखवील, मी गोळा काढीन. जे जास्त सुंदर हसतील त्यांना थोडा मोठा काढीन, तेवढं चालवून घे. पाय दुखले तर एक स्टूल दे.

फक्त तिला स्टेशनवर पोचवायचं काम मी करणार नाही. ते तू कर. दुकान माझ्यावर सोडून जा, घाई करू नकोस, गाडी हलेपर्यंत फलाटावर थांब.

तुझी आई
ओलिवा